सोरायसिसची मलमे आणि रोजचे जगणे
सौम्य सोरायसिसच्या चट्ट्यांवर पहिला उपाय बहुधा स्टेरॉइड मलमाचा असतो. खाज आणि लाली लवकर उतरते. मात्र दीर्घ वापराने त्वचा पातळ होते. कॅल्सिपोट्रिऑल हे दुसरे मलम सावकाश काम करते, कधी चुरचुरते, पण हा धोका त्यात नाही. बीटामेथासोन या स्टेरॉइडसोबत एकाच मलमात दिल्यास दोन्ही अधिक प्रभावी ठरतात. कोल टार स्वस्त, पण त्याचा वास आणि कपड्यांवरचे डाग नकोसे होतात. आजाराचा आयुष्यावरचा परिणाम मोजायला डीएलक्यूआय ही कार्डिफमध्ये तयार झालेली, १९९४ साली प्रसिद्ध झालेली १० प्रश्नांची प्रश्नावली वापरतात; ० ते ३० गुण, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. कपडे, काम, जवळीक यांबरोबरच उपचाराचा जाचही त्यात विचारलेला आहे, आणि ते रास्तच. चिकट मलम रोज लावायचा अनेकांना कंटाळा येतो. औषध कितीही गुणकारी असले तरी मग ते ट्यूबमध्येच राहते. अशांना फोम किंवा लोशन सोयीचे पडते.