दोन तारांवरील संभाषण
तासगाव तालुक्यात येरळेकाठच्या फडात जे नवे ऊसतोडणी यंत्र उतरते, अथवा द्राक्षबागायतदाराचे शेततळे जे पोकलेन खोदते, त्याच्या अंतर्भागात इंजिन, हायड्रॉलिक व्यवस्था आणि चालकापुढील फलक यांची इलेक्ट्रॉनिक नियंत्रक-एकके एकमेकांस अखंड खबर देत असतात. आणि या साऱ्या व्यवहारास बहुधा परस्परांत पीळ दिलेल्या अवघ्या दोन तारा पुरतात. ही ‘कॅन’ पद्धती जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ साली जाहीर केली. तिच्यावर अवजड यंत्रांसाठी ‘जे १९३९’ हा संकेत रचला गेला, ज्याचा मूळ वेग सेकंदास २,५०,००० बिट.

येथे हुकूम सोडणारा कोणी मुख्य अंमलदार नसतो, हीच या रचनेतील सर्वांत मनोज्ञ गोष्ट होय. दोन एककांनी एकाच क्षणी बोलण्यास आरंभ केला, तर ज्याच्या संदेशाचा ओळखक्रमांक लहान, त्याचा संदेश यत्किंचितही खंडित न होता पुढे जातो, आणि दुसरे एकक मार्ग मोकळा होईतो थांबून आपली वार्ता पुन्हा पाठविते. म्हणूनच इंजिनाच्या फेऱ्यांचा संदेश, ज्याच्या ओळखक्रमांकाच्या आरंभीचा प्राधान्याचा अंक ३, तो शीतकाच्या तापमानाच्या ६ प्राधान्याच्या संदेशाआधी पोहोचतो.

तारांच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचा एकेक रोध असतो. हे दोन्ही रोध समांतर जोडलेले असल्याने विद्युत्पुरवठा बंद करून दोन तारांमध्ये मीटर लावल्यास सुमारे ६० ओहम दिसावेत. १२० दिसल्यास एखादा रोध निकामी वा तार तुटलेली असण्याचा संभव प्रथम तपासावा, आणि मगच महागडे एकक बदलण्याचा विचार करावा.