तळेगाव दाभाडे : सेनापती घराणे आणि गावाचा लष्करी वारसा

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यात दोन तळेगावे प्रसिद्ध आहेत. शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे आणि मावळ तालुक्यातील तळेगाव दाभाडे. दोन्ही ठिकाणी गावाची ओळख घराण्याच्या आडनावाने पटते. दाभाडे घराण्याकडे गावच्या पाटीलकीबरोबरच मराठी राज्याचे सेनापतिपद पिढ्यान्‌पिढ्या राहिले. त्यामुळे तळेगावचा स्थानिक इतिहास प्रायः शौर्यगाथेच्या रूपाने सांगितला जातो. तथापि हे पद कशाच्या आधारावर उभे होते आणि ते नामधारी का झाले, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात विचार केला आहे.

पाटीलकीपासून सेनापतिपदापर्यंत

घराण्याचा मूळ पुरुष म्हणून येसाजी दाभाडे यांचे नाव घेतले जाते. ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या सेवेत होते. त्यांचे पुत्र खंडेराव यांनी राजारामकालीन धामधुमीनंतर बागलाण व गुजरात या प्रदेशांत आपले बस्तान बसविले. सुरत ते बऱ्हाणपूर हा त्या काळातील प्रमुख व्यापारी मार्ग होता. या मार्गावर ठाणी घालून खंडेरावांनी मोगलांना हैराण केले. त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी सय्यद हुसेन अली याने धाडलेल्या फौजेचा त्यांनी पाडाव केला. या कर्तबगारीनंतर १७१७ मध्ये शाहू महाराजांनी त्यांना सेनापतिपद दिले. पेशवा बाळाजी विश्वनाथ यांच्या १७१८-१९ मधील दिल्ली मोहिमेतही ते सहभागी होते.

गावाची पाटीलकी, छत्रपतींची सनद आणि गुजरातेतून चौथाई वसूल करणारी फौज, अशा तीन आधारांवर घराण्याचे सामर्थ्य उभे होते. यांपैकी तिसरा आधार सर्वांत मोलाचा, पण तितकाच अस्थिर होता. ही फौज मुलखातील वसुलीवर पोसली जात असे. त्यामुळे वसूल ज्याच्या हाती, त्याच्याकडेच तिची निष्ठा वळण्याचा संभव असे.

डभोईचा प्रसंग

१७२९ मध्ये खंडेरावांचे निधन झाले आणि त्यांचे पुत्र त्रिंबकराव सेनापती झाले. पेशवा पहिला बाजीराव याने गुजरातच्या चौथाईवर हक्क सांगताच घराण्याच्या उत्पन्नाच्या मुळावरच घाव बसला. त्रिंबकरावांनी निजामाशी संधान बांधले. अखेर १ एप्रिल १७३१ रोजी डभोईजवळ झालेल्या लढाईत ते मारले गेले. शाहू महाराजांनी समेट घडवून त्यांचे अल्पवयीन बंधू यशवंतराव यांना सेनापतिपद दिले. कारभार मात्र त्यांच्या मातोश्री उमाबाई यांच्याकडे आला. अभोण्याच्या ठोके देशमुख घराण्यातील उमाबाई केवळ नावाच्या कारभारीण नव्हत्या. १७३२ मध्ये डाकोर येथे पिलाजी गायकवाड यांची हत्या झाल्यावर त्या स्वतः फौजेसह अहमदाबादवर चालून गेल्या.

हुद्दा आणि फौज यांची फारकत

पिलाजी हे दाभाड्यांचेच सरदार होते. त्यांचे चुलते दमाजी यांनी १७२० च्या बाळापूरच्या लढाईत पराक्रम गाजविल्याने त्यांना ‘शमशेर बहादूर’ हा किताब मिळाला होता. डभोईनंतर सेनापती तळेगावी आणि फौज गुजरातेत अशी स्थिती निर्माण झाली. पिलाजींचे पुत्र दमाजी यांनी १७३४ च्या सुमारास बडोदे घेतले. १७५१ मध्ये उमाबाई व दमाजी यांनी ताराबाईंचा पक्ष घेऊन पेशवा बाळाजी बाजीराव यांच्याविरुद्ध उठाव केला. तो फसला आणि दोघेही कैदेत पडले. मात्र परिणाम भिन्न झाले. अर्धा गुजरात सोडून दमाजींनी पेशव्यांशी थेट करार केला आणि सुटका करून घेतली. सेनापतिपदाचे महत्त्व मात्र संपुष्टात आले. १७५३ मध्ये उमाबाईंचे निधन झाले.

याची प्रचीती पुढे १७७९ मध्ये आली. रघुनाथरावांना घेऊन आलेली मुंबईकर इंग्रजांची फौज ९ जानेवारी रोजी तळेगावपर्यंत पोहोचली, तेव्हा मराठ्यांनी गाव जाळून शत्रूची रसद तोडली. दोन दिवसांनी इंग्रजांनी माघार घेतली आणि वडगाव येथे त्यांना तह करावा लागला. युद्ध सेनापतींच्या गावाच्या वेशीवर आले होते, पण फौजेचे नेतृत्व महादजी शिंदे व तुकोजी होळकर यांच्याकडे होते.

समारोप

दाभाडे घराण्याचा ऱ्हास शौर्याच्या अभावाने झाला नाही. वसुलीचा मुलूख व फौज हातून गेल्यावर सनद निष्प्रभ ठरली. सेवकाचे घराणे बडोद्याचे राज्यकर्ते बनले आणि धन्याचे घराणे गावापुरते उरले. तळेगावातील बनेश्वर परिसरातील समाधी, इंदोरीची गढी आणि गावाचे नाव हा आजचा दृश्य वारसा आहे. तो केवळ अभिमानाचा विषय न मानता मराठी राज्याच्या सरंजामी रचनेचा पुरावा म्हणून अभ्यासला गेला, तर स्थानिक इतिहासाचे अध्यापन अधिक अर्थपूर्ण होईल.