कंपाउंडरकीची रीतसर तालीम

अमरावती-अकोल्यातील मेडिकल दुकानांवर आपली पुष्कळ मुले काम करतात. दोन-चार वर्षांत औषधांची नावे तोंडपाठ होतात आणि मुलगा तयार झाला, असे घरचे समजतात. आम्ही कापडवाले, मालाचे नाव ठाऊक असणे आणि मालाची पारख असणे यातला फरक आम्ही रोज पाहतो.

पूर्वी कंपाउंडर बाटलीत मिक्श्चर भरून तिच्यावर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवीत असे. आता बहुतेक औषधे कारखान्यातून तयार येतात. तरी त्वचेची मलमे, मुलांसाठी पातळ केलेली औषधे कुठे कुठे हाताने बनवावी लागतात. फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध मिसळण्याचा व देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे. डॉक्टर आपल्याच रुग्णास देतात, ती गोष्ट वेगळी.

या कामात हुनर कसले? एक ग्रॅम दवा शंभर ग्रॅम मलमात एकदम टाकून घोटली तर सारखी पसरत नाही. आधी तेवढ्याच मलमात घोटायची, मग झालेल्या मिश्रणाच्या बरोबरीने मलम घालीत दुप्पट-दुप्पट वाढवायचे. (ओढणीचा रंग डागाळला तर गिऱ्हाईक परत आणून देते, इथे ती सोय नाही.) दशांश चिन्हाआधी शून्य लिहायचे, नाहीतर अर्ध्याचे पाच वाचले जातात. हिशेब दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा. चिठ्ठीवर बनविल्याची व मुदतीची तारीख घालायची, कच्च्या मालाचा बॅच नंबर वहीत टिपायचा.

बॅच नंबर कशाला? १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. तेही गोड, घट्टसर, बिनरंगाचे. नजरेला व जिभेला फरक कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतो. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने याची चौकशी केली. म्हणून औद्योगिक वापराचे ग्लिसरीन स्वस्त मिळाले तरी दवेला चालत नाही.

बारावी विज्ञान झालेल्या मुलास दोन वर्षांचा डी.फार्म. करता येतो, त्यानंतर किमान ५०० तासांचे प्रत्यक्ष काम असते. प्रवेशाआधी कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, हे पालकांनी स्वतः पाहावे. ती नसली तर राज्य कौन्सिलकडे नोंदणी होणार नाही आणि भरलेली फी बुडाली.