मोटार तुमची, कुलूप कोणाचे?

सप्टेंबर २०१७. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यावर ‘इर्मा’ नावाचे चक्रीवादळ चालून येत होते. लाखो लोक घरे सोडून सुरक्षित जागी निघाले होते. त्यांतल्या काहींजवळ टेस्ला कंपनीच्या, विजेवर चालणाऱ्या मोटारी होत्या. त्या धावपळीत एक नवल घडले. कोणी मेकॅनिक आला नाही, एक स्क्रूही फिरवला गेला नाही. तरी काही मोटारींचा पल्ला एकाएकी सुमारे ५० किलोमीटरनी वाढला!

ही किमया कशी झाली? या मोटारींपैकी काही ६० किलोवॅट-तास क्षमतेच्या म्हणून विकल्या होत्या. (एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचे एक युनिट.) प्रत्यक्षात त्यांत ७५ किलोवॅट-तासांची बॅटरी होती. दोन तऱ्हेच्या बॅटऱ्या बनवण्यापेक्षा एकच बनवणे कारखान्याला सोयीचे पडते. उरलेली १५ युनिटे वापरू द्यायची नाहीत, अशी आज्ञा मोटारीतल्या संगणकाला दिलेली होती. जादा पैसे भरणाऱ्याला ती मिळत. वादळाच्या वेळी कंपनीने हे कुलूप बिनतारी संदेशाने, काही दिवसांपुरते, विनामूल्य उघडले. म्हणजे तोवर मालक त्या बंद विजेच्या साठ्याचे ओझे मोटारीतून नुसतेच वाहत होते!

कुलूप असते कुठे?

पेट्रोलच्या जुन्या मोटारीत पायाखालचे पेडल तारेने कार्ब्युरेटरला जोडलेले असे. पेडल दाबले की झडप उघडे आणि इंजिनात जास्त इंधन जाई. विजेच्या मोटारीत अशी तार नसते. पेडल किती दाबले, एवढाच आकडा ते संगणकाला कळवते. बॅटरीतून येणारा एकदिश प्रवाह ‘इन्व्हर्टर’ नावाचे उपकरण प्रत्यावर्ती करते. त्यातील इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करतात. त्यांनी किती प्रवाह सोडायचा, हे संगणकाची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, ठरवते. त्या आज्ञावलीतला एक आकडा बदलला की मोटारीची शक्ती बदलते.

फोक्सवॅगन कंपनीने २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये नेमके हेच केले. आपल्या ‘आयडी ३’ मोटारीची शक्ती १५० वरून १७० किलोवॅट करायची, तर दरमहा साडेसोळा पौंड वर्गणी किंवा एकदाच ६४९ पौंड! आता वही घ्या आणि हिशेब करा. ३९ महिन्यांत वर्गणी होते ६४३.५० पौंड. चाळिसाव्या महिन्यापासून वर्गणीदार एकरकमी पैसे देणाऱ्याच्या पुढे जातो, आणि वर्गणी चालू असेपर्यंत पुढेच जात राहतो.

पडदा आणि वर्गणी

चालकासमोरच्या पडद्यावर नकाशा दिसतो, गाणी लागतात, रस्त्यावरची गर्दी कळते. ही माहिती मोबाइलच्या जाळ्यातून येते. त्यासाठी मोटारीतच सिम बसवलेले असते. अनेक जण हे काम आपल्या फोनकडून करून घेतात आणि फोनवरचा नकाशा मोटारीच्या पडद्यावर आणतात. जनरल मोटर्स कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले की, आपल्या पुढच्या विजेच्या मोटारींत ही सोय नसेल. त्याऐवजी मोटारीतच बसवलेली यंत्रणा असेल. म्हणजे या कामासाठी चालकाने कंपनीच्या यंत्रणेवर अवलंबून राहायचे.

मग आज्ञावली वाईटच का? मुळीच नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेला एका टेस्ला मोटारीचे ब्रेक कमी पडतात असे आढळले. काही दिवसांतच कंपनीने दुरून नवी आज्ञावली पाठवली आणि ताशी सुमारे ९६ किलोमीटर वेगावरून थांबण्याचे अंतर जवळजवळ ६ मीटरनी कमी झाले. सहा मीटर म्हणजे एखाद्याचा जीव वाचवण्याइतके अंतर!

कसोटी कोणती?

योग्य वर्गणी कोणती, अयोग्य कोणती, हे ओळखायला एक साधा प्रश्न पुरे: ही सोय चालू ठेवायला कंपनीला दरमहा काही खर्च येतो का? मोबाइलच्या जाळ्याचे पैसे कोणाला तरी भरावेच लागतात. तेथे वर्गणी समजू शकते. पण बीएमडब्ल्यू कंपनीने २०२२ मध्ये काही देशांत आसन गरम करण्यासाठी मासिक वर्गणी ठेवली, तेव्हा लोक चिडले. आसनातली तापणारी तार मोटारीतच होती, वीजही मोटारीचीच! २०२३ मध्ये कंपनीने हा बेत सोडून दिला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. मोटार पंधरा वर्षे चालते, पण दूरची यंत्रणा तेवढी टिकेलच असे नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये ‘थ्री-जी’ जाळी बंद झाली, तेव्हा अनेक जुन्या मोटारींतील अपघाताची आपोआप वर्दी देण्यासारख्या सोयी बंद पडल्या. मोटार धडधाकट होती, पण तिची हाक ऐकणारे कोणी उरले नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुम्ही यंत्रे विकत घ्याल. तुमच्यापैकी काही जण ती बनवतीलही. वस्तू विकल्यावर तिचे कुलूप कोणाच्या हाती असावे? वर्गात दोन गट करा आणि या प्रश्नावर वाद घालून पाहा. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे पुष्कळ आहे!