झाकणाखालचं बेट

वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हाती मेंदू येतो तो फॉर्मॅलिनमध्ये मुरलेला, पनीरसारखा घट्ट. डोळे चुरचुरत असतात. कानशिलाच्या बाजूला एक खोल, आडवी चीर असते. तिचे ओठ बोटांनी हलकेच फाकवले, की आत एक त्रिकोणी उंचवटा दिसतो. हाच इन्सुला, म्हणजे लॅटिनमध्ये बेट. जर्मन वैद्य योहान ख्रिस्तियान राइल याने १८०९ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून ते 'राइलचं बेट'.

हे बेट काही बुडालेलं नाही. गर्भाच्या मेंदूत ते आधी उघडंच असतं. पुढे भोवतालचे भाग भराभर वाढतात आणि त्याच्यावर झाकणासारखे चढतात.

झाकण दूर केलं, की मला तरी निऱ्याच आठवतात, फक्त उलट्या धरलेल्या: खाली पुढच्या टोकाशी गोळा झालेल्या, वर पंख्यासारख्या पसरलेल्या. मधून एक तिरपी खाच जाते. तिच्या पुढे तीन आखूड वळ्या, मागे दोन लांब. पण हा झाला पुस्तकातला हिशेब. प्रत्यक्षात मधली आखूड वळी कधी खुरटलेली निघते, कधी पुढे एखादी जास्तीची असते, कधी मागच्या दोन नीट वेगळ्या होत नाहीत. एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या बाजूही जुळतीलच असं नाही.

परीक्षेपुरतं हे किरकोळ वाटेल. इथली गाठ काढणाऱ्या सर्जनला मात्र ते जन्ममरणाचं असतं, कारण मेंदूच्या मोठ्या धमनीच्या फांद्या या वळ्यांवरूनच पसरतात. त्यांच्या फटींतून हत्यार न्यायचं. आणखी खोल जाणाऱ्या बारीक वाहिनीला धक्का लागला, तर अर्धं अंग जाऊ शकतं.

या वळ्या करतात काय? १९५५ साली मेंदूचे सर्जन वाइल्डर पेनफिल्ड यांनी जाग्या रुग्णांच्या इन्सुलाला विजेचा हलका स्पर्श केल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. कुणाला पोटात ढवळलं, कुणाला तोंडात चव आली. आज दिसतं ते असं: वेदना, ऊन-गार, आतड्यांची हालचाल यांची खबर आधी मागच्या लांब वळ्यांकडे येते, पुढच्या आखूड वळ्यांपर्यंत पोचेतो तिला भावनेचा रंग चढतो. आपण 'पोटात गोळा आला', 'काळजात धस्स झालं' म्हणतो, त्यात अलंकाराइतकंच शरीरशास्त्रही आहे.

२००७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवली. मेंदूच्या इजेत इन्सुला दुखावलेल्या काही सिगारेटबाजांची सवय एकाएकी सुटली. त्यांनी निर्धार वगैरे केला नव्हता. तलफच येईनाशी झाली.