एका वाड्यातले दोन पक्ष

मराठी माणसाला भाऊबंदकी नवीन नाही. हातभर बांधासाठी दोन सख्खे भाऊ जन्मभर कचेरीच्या पायऱ्या झिजवतात आणि वकिलांची घरे बांधून देतात, हे आपण गावोगाव पाहतो. परंतु सासरे एका पक्षात आणि सून दुसऱ्या पक्षात, आजोबा एका चिन्हावर आणि नातू दुसऱ्या चिन्हावर, आणि निवाडा करायला कोर्ट नव्हे तर अख्खा तालुका, हा प्रकार आमच्या लातूर जिल्ह्याने पाहिला तो २००४ साली.

निलंगा हे तालुक्याचे गाव. लातूरहून एस. टी.ने तास-दीड तासाचा रस्ता. या गावाचे नाव ज्यांनी आपल्या आडनावासारखे महाराष्ट्रभर मिरवले ते शिवाजीराव पाटील निलंगेकर हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते. १९६२ साली ते प्रथम आमदार झाले आणि जून १९८५ मध्ये थेट मुख्यमंत्री. ते पद मात्र त्यांना वर्षभरही लाभले नाही. मुलीच्या एम. डी. परीक्षेतील गुणांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आले ते नांदेडचे शंकरराव चव्हाण. म्हणजे खुर्ची गेली ती मराठवाड्यातल्या एका घरातून उठून शेजारच्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या घरात. या शंकररावांचे चिरंजीव अशोकराव पुढे २००८ साली मुख्यमंत्री झाले. काँग्रेस हा पक्ष आणि ही घरे यांत भेद करणे आमच्या भागातल्या माणसाला फार काळ जमलेच नाही.

अशा घरातली सून विरोधी पक्षात जाते, ही गोष्ट लहान नव्हे. शिवाजीरावांचे चिरंजीव दिलीपराव यांच्या पत्नी रूपाताई पाटील निलंगेकर या २००४ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाच्या उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या. समोर होते चाकूरचे शिवराज पाटील. १९८० पासून ओळीने सात वेळा लातूरने त्यांना निवडून दिले होते आणि ते लोकसभेचे सभापतीही होऊन गेले होते. त्यांचा पराभव होईल असे कुणी म्हटले असते तर पारावरच्या मंडळींनी त्याला वेड्यात काढले असते.

मी त्या वेळी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात एम. ए. करीत होतो. १३ मे रोजी निकाल लागला. खानावळीत जेवायला बसलेल्या आम्हा लातूरकर पोरांना प्रथम बातमी खरी वाटेना. रूपाताई तीस हजारांहून अधिक मतांनी निवडून आल्या होत्या. लातूरमधून लोकसभेत गेलेल्या त्या पहिल्या महिला. आणि त्यानंतर आजतागायत दुसरी गेलेली नाही.

पण दैवाची थट्टा पाहा. त्याच दिवशी वाजपेयींचे सरकार पडले. लातूरने ज्यांना निवडून दिले त्या रूपाताई विरोधी बाकावर बसल्या, आणि लातूरने ज्यांना नाकारले ते शिवराज पाटील राज्यसभेच्या वाटेने देशाचे गृहमंत्री झाले! जिंकलेला विरोधात आणि हरलेला सत्तेत. लोकशाहीच्या शाळेत असा धडा आम्हाला कुठल्याही पाठ्यपुस्तकाने शिकवला नव्हता.

पाच महिन्यांनी, ऑक्टोबरात, विधानसभेची निवडणूक आली. निलंग्यात काँग्रेसतर्फे शिवाजीराव आणि भाजपतर्फे रूपाताईंचे चिरंजीव संभाजी. एकीकडे सत्तरी पार केलेले माजी मुख्यमंत्री, दुसरीकडे पंचविशी नुकतीच ओलांडलेला नातू. नातू निवडून आला. २००९ साली तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांनी नातवाला हरवले. त्याच वर्षी मतदारसंघांची फेररचना होऊन लातूरची लोकसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली आणि रूपाताईंची लोकसभेची ती वाटही बंद झाली. पुढे २०१४ आणि २०१९ मध्ये संभाजीरावांच्या विरोधात काँग्रेसतर्फे उभे राहिले ते त्यांचे काका अशोकराव. दोन्ही वेळा पुतण्या जिंकला, आणि मधल्या काळात, २०१६ साली, तो राज्यात मंत्रीही झाला. शिवाजीराव २०२० च्या ऑगस्टमध्ये वारले.

माझी एक मावशी निलंगा तालुक्यात दिली आहे. २००९ च्या दिवाळीनंतर मी तिच्याकडे गेलो होतो. निकाल नुकताच लागला होता. मी शहाणपणाने म्हणालो, "मावशे, एकाच घरातले दोघे, कुणीही आला तरी तुला काय फरक पडतो?" ती चुलीपुढून न उठता म्हणाली, "लेकरा, त्यांचं भांडण घरातल्या घरात मिटलं असतं, तर आमच्या उंबऱ्याला त्यांचे पाय कशाला लागले असते? आता दोघंही येतेत. दोघंही हात जोडतेत." मी एम. ए. झालो होतो, नोकरीलाही लागलो होतो; पण राज्यशास्त्रातले एवढे नेमके वाक्य मी तोवर ऐकले नव्हते.

हे फक्त आपल्याकडेच घडते असेही नाही. पूर्वेकडे समुद्रापलीकडे फिलिपाइन्स नावाचा बेटांचा देश आहे. तिथल्या तार्लाक प्रांतातले कोहुआंको हे ऊसमळ्यांचे मालक घराणे. ऊस आणि राजकारण यांचे सख्य लातूरकरांना समजावून सांगायला नको. या घराण्यातल्या कोराझोन यांचे पती बेनिग्नो अक्विनो हे हुकूमशहा मार्कोस यांचे कट्टर विरोधक. परदेशातून मायदेशी परतताच २१ ऑगस्ट १९८३ रोजी मनिलाच्या विमानतळावर त्यांची हत्या झाली. त्यांच्या विधवा पत्नी मार्कोसविरुद्ध उभ्या राहिल्या आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्या. पण मार्कोस देश सोडून पळाले तेव्हा त्यांच्याबरोबर गेलेल्यांत कोण होते? कोराझोन यांचे सख्खे चुलतभाऊ एदुआर्दो कोहुआंको! पुढे २०१० साली कोराझोन यांचे पुत्र राष्ट्राध्यक्ष झाले, आणि २०२२ साली मार्कोस यांचे पुत्र. देश बदलला, भाषा बदलली. वाड्याचा नकाशा तोच.

तुलना फार ताणू नये. तिथे रक्त सांडले. आपल्याकडे सांडला तो गुलाल. परंतु एक प्रश्न दोन्हीकडे सारखाच उभा राहतो. विरोधी पक्ष जेव्हा सत्ताधाऱ्यांच्याच माजघरातून बाहेर पडतो, तेव्हा तो खरा विरोधी पक्ष म्हणायचा का?

मला वाटते, याचे उत्तर अर्धे होकारार्थी द्यावे लागेल. ज्या भागात सात-सात निवडणुका एकच माणूस निवडून येतो, तिथे त्याला हरवता येते हे लोकांना दाखवून देणे हेच मोठे काम असते. ते रूपाताईंनी केले. निलंगेकर हे नाव त्यांच्या उपयोगी पडले असेल; पण नाव मिळते म्हणून मत मिळतेच असे नाही. तसे असते तर तेच नाव लावणारे शिवाजीराव २००४ साली पडले नसते आणि संभाजीराव २००९ साली पडले नसते. मतदाराने आधी आजोबांना घरी बसवले, मग नातवाला बसवले. वाडा एकच होता. पण किल्ली पाच वर्षे का होईना तालुक्याच्या हाती आली.

राहिलेले अर्धे उत्तर मात्र नकाराचे आहे, आणि ते मला माझ्या एका विद्यार्थ्याने दिले. गेल्या वर्षी वर्गात लोकशाहीवर निबंध लिहायला दिला होता. तास संपल्यावर तो मागे थांबला. कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. म्हणाला, "सर, सत्तेत जायचं तर वाडा लागतो. आता विरोधात जायचं तरी वाडाच लागतो. मग आमच्यासारख्यानं जायचं कुठं?"

त्याला मी १९७७ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत नांदेडमधून भाई केशवराव धोंडगे आणि लातूरमधून भाई उद्धवराव पाटील निवडून आले. दोघेही शेतकरी कामगार पक्षाचे. काँग्रेसचे बालेकिल्ले म्हणून मिरवणारे हे शेजारचे दोन मतदारसंघ एकाच वेळी एका विरोधी पक्षाने घेतले, आणि तेही कुठल्या सत्ताधारी घराण्यातला माणूस फोडून नव्हे. केशवरावांनी कंधारला श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी काढली, साप्ताहिक चालवले, आणीबाणीत तुरुंग भोगला. १९८५ आणि १९९० मध्ये ते कंधारमधून पुन्हा आमदार झाले. १९९५ मध्ये पडले. पडले तरी पक्ष बदलला नाही. शंभरी ओलांडून २०२३ च्या पहिल्याच दिवशी ते गेले. त्यांच्याजवळ वाडा नव्हता, म्हणून त्यांनी शाळा बांधली. त्या शाळेतून शिकून गेलेली पोरे हाच त्यांचा गोतावळा.

विद्यार्थी ऐकून घेत होता. मग त्याने विचारले, "पण सर, त्यांचा पक्ष आता कुठं आहे?"

यावर मला चटकन उत्तर देता आले नाही. घरातून निघालेला विरोध लवकर फळाला येतो आणि लवकरच सत्तेत जाऊन बसतो. शाळेतून निघालेल्या विरोधाला तीस-तीस वर्षे लागतात आणि त्याचे फळ कदाचित लावणाऱ्याच्या पदरात पडतही नाही. मावशीच्या उंबऱ्याशी हात जोडून माणसे आली ती पहिल्या विरोधामुळे. पण मावशीचा नातू उद्या स्वतः कुणाच्या उंबऱ्याशी मत मागायला जाऊ शकेल, तर तो दुसऱ्यामुळेच.

मी त्या मुलाला एवढेच म्हणालो, "पक्ष कुठे आहे ते मला सांगता येत नाही. पण तू आज हा प्रश्न विचारलास तो कॉलेजात बसून. तुझ्या आजोबांना कॉलेज ठाऊक होते का?" तो हसला आणि वही उचलून गेला. निबंध मात्र त्याने अजून दिलेला नाही. मी वाट पाहतो आहे.