गढुळाला आधी तुरटी, मग टीसीएल

पूर्णाकाठच्या केदारखेड्यात पुराचं पाणी बादलीत रात्रभर ठेवलं, तरी पुरतं निवळत नाही. मातीच्या अतिबारीक कणांवर सारखाच विद्युतभार असतो. ते एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. तुरटी फिरवली की तो भार मावळतो आणि फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या होऊन गाळ तळाशी बसतो.

पण नितळ म्हणजे निर्जंतुक नव्हे! जंतू मारतो टीसीएलमधला, म्हणजे ब्लीचिंग पावडरमधला क्लोरीन, तोही अर्ध्या तासाने. गाळातली घाण क्लोरीन खाऊन टाकते, म्हणून तुरटी आधीच हवी. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावा. गळक्या पाइपातून शिरणाऱ्या जंतूंशी तोच लढतो. ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकताच पाणी पिवळं झालं, तर तो आहे. जलसुरक्षकाने ही चाचणी टाकीपाशी नव्हे, गावाच्या टोकाला करावी.